हेड नावाचा संन्यासी

"भाऊ, हेड गेलं."

"गेलं म्हंजे?"

"गेलं म्हंजे गेलं. उतरवाच लागते."

"किती दिवस लागतीन?"

"आज सोमवार. बुधवारी घिऊन जा ना गाडी."

कोणत्या बुधवारी, हे विचारायची बुलढाणा जिल्ह्यात पद्धत नाही. मेहकर असो, मलकापूर असो की देऊळगाव राजा, जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं बॉनेट वर झालं की हा संवाद थोड्याफार फरकाने असाच होतो, आणि बॉनेट उघडल्यापासून निकाल लागेपर्यंत फार तर तीन मिनिटं जातात. मिस्त्री ऑइलची पट्टी ओढतो, फडक्याने पुसतो, पुन्हा घालतो, पुन्हा ओढतो. पट्टीच्या टोकाला ऑइलऐवजी टपरीवरच्या जास्त दुधाच्या चहासारखं काहीतरी चिकटलेलं असतं. म्हणजे इंजिनातलं पाणी ऑइलात शिरलं. पाणी डोक्यावरून जाणं हा वाक्प्रचार एरवी आपण उगाच वापरतो. इथे तो अक्षरशः खरा असतो. मग उलटतपासणी नाही, साक्षीदार नाहीत, थेट शिक्षा : हेड उतरवा, हेड घासा, नाहीतर हेड बदला. प्रस्तुत लेखकाला पाना धरता येत नाही. येत असता तर लेख लिहायची वेळ आली नसती. पण पुरावा तपासायला पाना लागत नाही, आणि तो तपासला तर असं दिसतं, की जुन्या गाडीचं हेड जवळजवळ प्रत्येक वेळी निर्दोष असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची आपली जुनी परंपरा मोटारीचा शोध लागल्यावर गॅरेजात राहायला आली, इतकंच.

आधी आरोपीची ओळख करून घेऊ. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. तो बिडाचा, आणि पिस्टन त्यात वर-खाली धावतात. त्याच्यावर झाकणासारखं बसतं ते हेड, आणि ते ॲल्युमिनियमचं. प्रीमियर पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरांचं इंजिन घ्या की मारुती ८००चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं, मामला हाच. ब्लॉक आणि हेड यांच्या मध्ये हेड गॅस्केट नावाचा पापडाएवढा एक पदर. त्याला एकाच वेळी तिघांना आपापल्या घरात ठेवायचं असतं : आत पेटणारा वायू, भोवतीनं फिरणारं पाणी आणि शेजारून जाणारं ऑइल. एकत्र कुटुंबात मधल्या भावाला जे करावं लागतं तेच, फक्त मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या गतीने. त्यात ॲल्युमिनियम तापलं की बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. फूटभर लांबीचं हेड ८० अंशांनी तापलं तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढतं, आणि खालचा ब्लॉक त्याच्या निम्मा. म्हणजे बोल्टांनी आवळून बांधलेल्या या जोडप्यातला एक जण रोज सकाळी जास्त पसरतो, दुसरा कमी. संध्याकाळी दोघेही आक्रसून झोपतात. हेडने हा संसार पंचवीस-तीस वर्षं तक्रार न करता केलेला असतो. ते वाकतं कधी? इंजिन उकळल्यावर. मग त्याच्यावर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेजचं पान सरकवतात. वाक साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत असेल तर चालतं, त्यापुढे नाही. डोक्यावरचा केस याहून जाड भरेल. एवढ्याशा वाकडेपणावरून आपण हेडला वाकडं ठरवतो. ज्याने उकळवलं तो मात्र बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत असतो, कारण गाडीचा मालक तोच असतो.

पहिला चोर रेडिएटरच्या झाकणात सापडतो. ते झाकण दिसतं बाटलीच्या बुचासारखं, म्हणून त्याला बुचाइतकीच किंमत मिळते. वास्तविक त्यात एक स्प्रिंग असते, खाली रबराची चकती असते, आणि दोघं मिळून पाण्यावर साधारण ०.९ किलोचा दाब धरून ठेवतात. त्या दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११८च्या आसपास उकळतं. हे समजायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, कुकर लावता आला तरी पुरे. कुकरची रिंग सैल झाली, वरण कच्चं राहिलं, तर त्याच दिवशी नवी रिंग येते. वरण शिजत नाही म्हणून कुकरचा तळ लेथवाल्याकडे घासायला कोणी नेत नाही. गाडीच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो. झाकणाचं रबर कडक होऊन पाण्याची वाफ फुसफुसत निघून जात असते, आणि त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा घालून, वरून तारेचा फास आवळून गाडी लग्नाच्या वऱ्हाडात सामील होते.

"झाकन नवं टाकू का भाऊ?"

"कायले? बसून तं राह्यलं ना."

झाकणाने बसणं हे त्याचं काम आहे अशी आपली समजूत असते. त्याचं काम दाबणं आहे. पण बसून राहणाऱ्याला नोकरीवर असल्याचं मानायची सवय झालेल्या समाजात झाकणाकडून वेगळी अपेक्षा कोण करणार?

दुसऱ्या चोराशी जिल्ह्याचं जुनं नातं आहे. तो पाण्यात राहतो. बुलढाण्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूला खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या विहिरीचं पाणी जिभेला लावलं की आपलं तोंड आपोआप बंद होतं. त्या पाण्याने माठ बाहेरून पांढरा पडतो, चहाच्या भांड्याला आतून थर चढतो, साबणाला फेस येत नाही. माणसांनी त्याविरुद्ध अर्ज केले, निवेदनं दिली, शेवटी घरोघरी वीस लिटरचे जार सुरू केले. आणि ज्या घरात माणसं जारचं पाणी पितात त्याच घरातल्या गाडीला आजही बोअरचं पाणी पाजलं जातं. गाडीला कुठे चव कळते! पण इंजिनात पाणी तापतं, वाफ उडून जाते, क्षार मागे राहतात. मग पुन्हा पाणी, पुन्हा क्षार. रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांमध्ये हे साठत साठत जाऊन एक दिवस तिथून पाण्याऐवजी फक्त इतिहास वाहतो. शिवाय बीड, ॲल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की छोटी बॅटरीच तयार होते, आणि त्या बॅटरीत झिजायचं काम ॲल्युमिनियमच्या वाट्याला येतं. हेड उतरवल्यावर पाण्याच्या भोकांभोवती उंदराने भाकरी कुरतडल्यासारखे जे खड्डे दिसतात ते हे. जून २०२०मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या, नमुने गेले, पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा खेळ असल्याचं सांगितलं. जिल्ह्यातल्या रेडिएटरांमधलं पाणी वर्षानुवर्षं तांबूस आहे, पण त्याचा नमुना न्यायला अजून कोणी आलेलं नाही. कूलंटचा डबा सुचवला तर उत्तर ठरलेलं : "कंपनीवाल्याइचा धंदा आहे तो." या धंद्यातून वाचवलेल्या काही शे रुपयांवर नंतर लेथवाला, गॅस्केटवाला आणि मिस्त्री असे तीन धंदे चालतात, ही गोष्ट वेगळी.

थर्मोस्टॅटची हकिगत थोडक्यात उरकता येईल, कारण तो बहुतेक गाड्यांत नसतोच. ८२ अंशांच्या आसपास उघडणारं हे एक छोटंसं दार. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, तापलं की जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं कर्तव्य. कधीतरी ते अडकतं. तेव्हा नवं बसवण्याऐवजी ते काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवतात आणि सांगतात, "आपल्या इकडच्या हवेत लागतच नाही हे." दाराची कडी बिघडली म्हणून दारच काढून टाकावं असा हा प्रकार. त्यानंतर हिवाळ्यात घाटावर इंजिन तासभर गरम होत नाही, चोक ओढून ओढून पेट्रोल जळतं, आणि त्याचा दोष अर्थातच कार्बोरेटरला लागतो. पंख्याची तऱ्हा याहून न्यारी. मारुतीचा विजेचा पंखा पाणी ठरावीक तापलं की आपला आपण फिरतो. त्याचा सेन्सर एकदा बिघडला की "डायरेक्ट करून देतो" या घोषणेसह स्टिअरिंगखाली एक लाल बटण लटकतं. आता पंखा कधी लावायचा हे माणूस ठरवणार. ज्या माणसाला मोटार सुरू केल्यावर गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागल्याचं शेजाऱ्याने सांगावं लागतं, तो. बरं, लक्षात राहिलं तरी बॅटरी उतरेल या काळजीने तो ते बटण चढावर बंद करतो आणि उतारावर चालू करतो.

सगळ्यात सभ्य चोर मात्र ॲव्हरेज. मराठी माणूस गाडीचा रंग नंतर पाहतो, ब्रेक त्याहून नंतर, पहिला प्रश्न "देते किती?" कार्बोरेटरच्या गाडीत या प्रश्नाला हाताने उत्तर देता येतं, आणि घात तिथेच होतो. जेट एक नंबर लहान बसवला की हवेच्या मानाने पेट्रोल कमी जातं. ॲव्हरेज एखाद किलोमीटरने वाढल्यासारखं वाटतं, गल्लीत सांगता येतं. पण उपाशी मिश्रण रेंगाळत जळतं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापून करपतो आणि त्याखालचं हेड भट्टीच्या तोंडाशी बसल्यासारखं होतं. प्लग काढून पाहिला तर सगळी कुंडली त्यात लिहिलेली असते : काळा असेल तर पेट्रोल जास्त, विटकरी असेल तर सुखाचा संसार, पांढराफटक असेल तर उपासमार. याच जिल्ह्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. घागर, ढेकळं, धान्यं मांडून रात्र गेली की पहाटे दाणा कुठे सरकला, विडा हलला का, हे पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात, आणि त्याच्या बातम्या मुंबईपर्यंत छापून येतात. त्या भाकितावर दरवर्षी वाद होतो. प्लगच्या भाकितावर वाद नाही, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी ऐकत नाही. त्यात नवी भर पडली आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल वाढत वाढत २०२५मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. इथेनॉल आपला प्राणवायू आपणच सोबत घेऊन येतं, म्हणजे मिश्रण आणखी पातळ. नव्या गाडीतला संगणक ते ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरमध्ये एक पितळी जेट आहे आणि एक तरंगणारा फ्लोट. धोरणात्मक निर्णय त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. आधीच उपाशी ठेवलेल्या इंजिनाला सरकारने एकादशी जोडून दिली, असं म्हणता येईल.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. "साहेब, हे सगळं राहू द्या. आमच्याकडचं ऊन पाह्यलं का तुमी?" पाहू. समजा मलकापुरात मे महिन्यात पारा ४४वर आहे आणि रेडिएटरमधलं पाणी ९० अंशांवर. दोन्हींतला फरक ४६. तोच दिवस जानेवारीतला असता, हवा २४ अंश, तर फरक ६६. रेडिएटर या फरकावर जगतो, म्हणजे उन्हाळ्यात त्याची ताकद तीसेक टक्क्यांनी घटते. आक्षेप घेणाऱ्याचं इतकं म्हणणं मान्य. पण सत्तर टक्के उरते ना! नळ्या साफ, झाकण घट्ट, पंखा वेळेवर, तर सत्तर टक्क्यांत गाडी राजूर घाट चढून बुलढाण्यात येते. कंपनीने ती काही फक्त महाबळेश्वरसाठी बनवली नव्हती. सत्तरातले चाळीस आपण खारपाण्यात घालवलेले असतात. ऊन फार तर सहआरोपी होईल. आणि खरा गुन्हा तर घाटातच घडतो, सर्वांदेखत. गाडी वाफ सोडत उभी राहते, मागच्या चाकाला दगड लागतो, बॉनेट उघडतं. तेवढ्यात दोन मोटारसायकली थांबतात. आपल्याकडे बंद पडलेल्या गाडीजवळ कोणालाही घाई नसते. एक जण म्हणतो, "पानी टाका पयले." दुसरा म्हणतो, "थंडं टाका." मालक फडकं धरून झाकण फिरवतो, कारंजं उडतं, सगळे हसत मागे पळतात, आणि मग बर्फाच्या पेटीतली बाटली त्या लाल तापलेल्या इंजिनात उपडी होते. पोळ्या करताना तापल्या तव्यावर गार पाणी शिंपडलं की तवा कसा कण्हतो, ते आठवा. हेडला तेवढंच झालेलं असतं. त्या एका बाटलीने ते वाकतं, प्रसंगी दोन व्हॉल्व्हांच्या मधल्या अरुंद जागेत चिरतं, आणि बाटली ओतणाऱ्याचे आपण वर आभार मानतो.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. कारण काहीही असो, हेड तर आता गेलं. बदलून टाकलं की विषय संपला. इथून विषय सुरू होतो. नवं हेड मिळत नाही किंवा महाग पडतं, म्हणून "सेकंडमधी" पाहायचं ठरतं. आता भंगारात आलेलं हेड हे भंगारात आलेल्या गाडीचं असतं. ती गाडी भंगारात का गेली, याचा विचार करायला हवा. उकळली म्हणूनच गेली असण्याची शक्यता मोठी. म्हणजे वाकडं हेड देऊन दुसरं वाकडं हेड आणायचं, आणि जाण्या-येण्याचा खर्च निराळा. त्यात जिल्ह्याचा भूगोल मदतीला धावतो. माल "जळगावला हाय" असा निरोप येतो. तो खानदेशातल्या जळगावाचा असतो, आणि माणूस एसटीत बसून जळगाव जामोदला उतरतो. माल "चिखलीत भेटते" असं कळलं तर आपल्या चिखलीतली झाडून सगळी दुकानं पालथी घातल्यावर उलगडा होतो, की ती पिंपरी-चिंचवडची चिखली, आणि तिथल्या कुदळवाडीतली भंगाराची गोदामं तर फेब्रुवारी २०२५मध्ये महापालिकेने पाडली. अखेर कुठलं तरी हेड हाती येतं. त्याला लेथवर फेसिंग मारतात. पूर्वी कोणी किती वेळा मारलंय, ते कोणालाच ठाऊक नसतं. दर वेळी थोडं घासलं की हेड बुटकं होतं, वायू जास्त दाबला जातो, इंजिन चढावर खडखडतं आणि आणखी तापतं. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे काढायचं काम गॅरेजातल्या सर्वांत धाकट्या पोट्ट्याकडे असतं. तो बोटाला पॉलिश पेपर गुंडाळून मनापासून घासतो. जिथे बोट जास्त फिरतं तिथे खळगा पडतो. ०.०५ मिलिमीटरचा हिशेब तिथेच मिटतो.

मग बोल्ट. हे बघण्यासारखं असतं. नियम सोपा आहे : मधल्या बोल्टापासून सुरुवात करायची, आलटून पालटून कडेकडे जायचं, एकदम न आवळता दोन-तीन फेऱ्यांत, आणि शेवटची फेरी टॉर्क पान्याने, पुस्तकात लिहिलेल्या आकड्यावर. सोडवताना उलटं, कडेकडून मध्ये. चादर घालताना आपण मधून कडेला हात फिरवतो, नाहीतर मध्येच सुरकुती राहते, हेही तसंच. प्रत्यक्षात जो बोल्ट हाताजवळ असतो तो आधी, आणि शक्यतो एकाच दमात. पाना लहान पडला तर त्यावर पाइप चढवायचा आणि हूं करायचं. खामगावला चांदीच्या पेढीवर जा. काचेच्या पेटीत तराजू, वरून पंखा बंद, कारागीर श्वास रोखून वजन पाहतो, ग्रॅमच्या दशांशावरून गिऱ्हाईक आणि पेढीवाला दोघेही घसा साफ करतात. त्याच शहरात, त्याच गिऱ्हाइकाच्या गाडीचे हेडबोल्ट अंदाजे आवळले जातात, आणि तो ते कौतुकाने पाहत उभा असतो. टॉर्क पान्याची गोष्ट काढली तर मिस्त्री आपला उजवा हात पुढे करतो : "हा काय मंग?" या हाताबद्दल मला खरोखर आदर आहे. चाळीस वर्षं पाना धरलेल्या हाताला आकडा कळतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो हात सकाळी दहाला एक आकडा सांगतो आणि झुणका-भाकरीनंतर तीनला दुसरा. शिवाय शेवटचे दोन बोल्ट बहुधा त्या हाताने नव्हे, पोट्ट्याच्या हाताने आवळलेले असतात, आणि एखाद्या बोल्टाचे आटे गेले तर ही बातमी दोघांतच राहते. जुन्या पद्धतीची गॅस्केट बसवल्यावर गाडी थोडी चालवून, पूर्ण गार करून बोल्ट पुन्हा एकदा तपासावे लागतात. त्यासाठी गाडी परत न्यावी लागते. चालणारी गाडी गॅरेजात परत नेणारा मालक बुलढाणा जिल्ह्यात असेल, पण त्याच्याबद्दल ऐकिवात नाही.

शेवटी शहाण्या पुतण्याचा आक्षेप. तो पुण्यात नोकरी करतो, दिवाळीला येतो आणि म्हणतो, "काका, विकून टाका ना, किती दिवस ओढणार?" त्याच्या बाजूने पुरावा भरपूर आहे. मुंबईने ३० ऑक्टोबर २०२३ला आपल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला निरोप दिला, हळहळली आणि दुसऱ्या दिवशी ॲपवरून टॅक्सी मागवली. मारुती ८००चं उत्पादन जानेवारी २०१४मध्येच थांबलं. पंधरा वर्षं झाली की आरसी दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते, आणि वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ते शुल्क ऑगस्ट २०२५पासून १० हजार रुपये झालं आहे. तरी काका गाडी विकत नाहीत. पुतण्याला ही माया वाटते. मला ती शुद्ध हिशेबाची बाब वाटते. या गाडीत बिघाड झाला तर तो दिसतो, ऐकू येतो, त्याचा वास येतो. पुतण्याच्या गाडीत फक्त एक पिवळा दिवा लागतो आणि लॅपटॉप असलेला माणूस शोधावा लागतो. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजावरून जातो आणि त्याच्यावर १२०च्या वेगाने जाता येतं, हेही काकांना माहीत आहे. पण त्यांना मेहकरहून लोणारला जायचं असतं, आणि तेही जेवणाच्या वेळेपर्यंत. अडचण एवढीच की १० हजारांची पावती निमूट फाडणारे हेच काका झाकणाच्या किमतीत घासाघीस करतात. म्हणजे गाडी ठेवायची हौस आहे, फक्त तिला पाणी कोणतं पाजावं याची नाही.

मग दोष मिस्त्रीचा? तोही पूर्ण पटत नाही. "भाऊ, झाकन, थर्मोस्टॅट, होसपाइप, कूलंट, सगळं नवं टाकू, मंग गाडी पाच वर्सं बोलत नाही," असं म्हणणाऱ्या मिस्त्रीला आपण लुटारू म्हणतो आणि शेजारच्या गॅरेजात जातो. "हेड गेलं" म्हणणाऱ्याला आपण हुशार म्हणतो, कारण त्याने मोठा रोग सांगितला; मोठा रोग निघाल्यावर घरी सांगताना आपलाही मान वाढतो. "झाकण खराब होतं" असं बायकोला सांगून पाहा. ती म्हणेल, "मंग इतके दिवस काय करून राह्यले होते?" या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून हेड जातं, आणि जातच राहतं.

तेव्हा निकाल असा, की हेड निर्दोष. गॅरेजात पडलेल्या संन्याशाला सन्मानाने परत बसवावं. वाकला असेल तर तो आपल्यामुळे वाकलाय, याची नोंद व्हावी. मालकाने या रविवारी रेडिएटर धुवावा, कूलंट आणावं, थर्मोस्टॅट खणातून काढून, चालू असेल तर जागेवर लावावा, लाल बटण तोडून सेन्सर बसवावा आणि झाकण नवं घ्यावं. आणि ते जुनं झाकण काढायचं ते गाडी रात्रभर उभी राहून पूर्ण गार झाल्यावर, सकाळी. दुपारी नाही, घाटात तर नाहीच.